इंग्रजीत पळतं ते आपल्याकडं चालतं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ‘रन’ या एका शब्दावर तुम्हाला काय काय अडलंय ते कळवा, पुढचं सगळं सदर त्याच्यावरच घेऊ. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रं आली, व्हॉट्सॲपवर फोटो काढून वह्यांची पानं आली, काहींनी तर पोरांच्या पुस्तकातली वाक्यं अधोरेखित करून पाठवली. सगळी इथं घेता येत नाहीत, पण ज्यांचं उत्तर बाकीच्यांनाही लागेल अशी घेतलीत.

प्रश्न : मॅडम, माझी लेक चौथीत आहे, सेमी इंग्लिशला. तिच्या पुस्तकात ‘माय अंकल रन्स अ शॉप’ असं वाक्य आलं. मला रन म्हणजे पळणं एवढंच ठाऊक, मी आपलं तिला सांगितलं की काका दुकानाकडं पळतो. ती वर्गात तसंच बोलली आन पोरं हसली, घरी आल्यावर रडायली लेकरू. माझं काय चुकलं ते नीट सांगा, कारण घरी तिचा अभ्यास मीच घेते.
— एक आई, सेलू

ताई, आधी एक सांगते, तुम्ही अभ्यास घेणं सोडू नका. तुमचं चुकलं ते फक्त एका बारक्या शब्दाचं आहे, आणि तो शब्द ‘रन’ नाहीच, तो आहे ‘टू’. ‘अंकल रन्स टू द शॉप’ असं असतं तर तुम्ही सांगितलं तेच बरोबर होतं, काका दुकानाकडं पळतोय. पण ‘रन्स अ शॉप’ मधे ‘टू’ नाही, रनच्या मागोमाग थेट दुकानच आलंय, म्हणजे काका स्वतः पळत नाही, तो दुकानाला पळवतो, आणि त्याला आपण मराठीत काय म्हणतो? काका दुकान चालवतो. झालं की.

आता हे ‘चालवतो’ नीट बघा कारण सगळी किल्ली तिथंच आहे. इंग्रजी माणसाला जिथं जिथं काहीतरी सुरू आहे असं सांगायचं असतं तिथं तो ते पळवतो, आपण मात्र चालवतो. पिठाची गिरणी चालते, बोअरची मोटार चालते, भिशी चालते, संस्था चालते, मुंबईला जाणारी गाडी रविवारी चालते का म्हणून आपण स्टेशनवर विचारतो, पिक्चर चालला की पडला असं म्हणतो, बाप गेल्यावर घर कसं चालायचं अशी काळजी करतो. यातल्या एकूण एक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतं. दोघांनी पायांचेच शब्द घेतले, फक्त त्यांनी पळायचा घेतला आन आपण चालायचा. मी इतकी वर्षं झेडपीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि ज्या दिवसापासून फळ्यावर ‘रन म्हणजे पळणे’ लिहायचं बंद करून ‘रन म्हणजे पळणे, चालणे, चालवणे, वाहणे’ असं लिहायला लागले त्या दिवसापासून पोरांच्या निम्म्या चुका आपोआप गेल्या. एका शब्दाला एकच अर्थ पाठ करून घेणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि तिचा त्रास तुमच्या लेकीसारख्या लेकरांना होतो, हे मला मनापासून लागतं.

आणि बघा, वरच्याच ओळीत मी ‘लागतं’ लिहिलं. भूक लागते, शाळा लागते, नोकरी लागते, ठेच लागते, आग लागते, तो माझा मामा लागतो, बोलणं मनाला लागतं. एखाद्या परक्या माणसाला ‘लागणे’ शिकवून बघा म्हणजे कळेल की लेकीची चूक किती साहजिक होती. बांगडी वाढली म्हटल्यावर त्याला वाटेल की मोठी झाली! तेव्हा तिला सांगा, जे पोरं हसले त्यांना ‘लागणे’चे दहा अर्थ विचार.

अजून एक गंमतीची गोष्ट तिला सांगा, थोडी मोठी झाली की उपयोगी पडेल. लॅटिन भाषेत पळण्याला ‘कुरेरे’ म्हणतात, त्याच्यापासून ‘करंट’ हा शब्द आला. म्हणजे करंट म्हणजे मुळात पळणारा. आपण करंट अकाउंटला काय म्हणतो, चालू खातं. करंट अफेअर्सला चालू घडामोडी. एमपीएससीवाली पोरं रोज चालू घडामोडी वाचतात, तिथंसुद्धा मूळचं पळणारं आपण चालतं करून घेतलंय. कुरिअर, करन्सी, कोर्स हे सगळे त्याच कुरेरेच्या घरातले.

प्रश्न : मी जीएनएम केलंय, नांदेडला खासगी दवाखान्यात आहे, बाहेरच्या देशात जायचं म्हणून इंग्रजीची तयारी करायलेय. सरावाच्या एका ऑडिओत पेशंट म्हणतो ‘आय हॅव हॅड द रन्स सिन्स यस्टरडे’. मला वाटलं तो कालपासून पळतोय किंवा क्रिकेटचं काहीतरी आहे, उत्तर चुकलं. आजाराच्या बोलण्यात रन कुठं कुठं येतो ते एकदा सांगा.
— एक सिस्टर, नांदेड

सिस्टर, त्याला जुलाब होत होते. ‘द रन्स’ म्हणजे सारखं संडासला पळावं लागणं, आपल्याकडं म्हातारी माणसं ढाळ लागले म्हणतात तसं बोलीतलं आहे. पेशंट असं बोलेल, तुम्ही मात्र कागदावर ‘डायरिया’च लिहायचं, हा फरक परीक्षेतही आणि कामावरही पक्का ठेवा. आणि ‘द’ आणि शेवटचा ‘स’ दोन्ही पाहिजेत, ‘हॅज अ रन’ म्हटलं तर अर्थ राहत नाही.

बाकी तुमच्या कामाचे हे. ‘ही इज रनिंग अ फीव्हर’ किंवा ‘रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप आहे, यात पेशंट बिछान्यावर पडलेलाच असतो. ‘रनी नोज’ म्हणजे नाक गळणं, आपण सगळेजण सर्रास ‘रनिंग नोज’ म्हणतो पण तिकडं नाव म्हणून ‘रनी नोज’ चालतं आणि वाक्यात ‘माय नोज इज रनिंग’. ‘आय फील रन डाऊन’ म्हणजे अंगात त्राण नाही, गळून गेल्यासारखं वाटतंय, कुणीतरी गाडीनं उडवलं असं नाही! पण ‘ही वॉज रन ओव्हर’ ऐकलं तर मात्र धावत जा, कारण तो गाडीखाली आलाय, त्यात उशीर नको. ‘वी विल रन सम टेस्ट्स’ म्हणजे काही तपासण्या करू. आणि हिस्ट्री घेताना हमखास येणारं, ‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’, घराण्यात साखर आहे. ‘इट विल रन इट्स कोर्स’ असं डॉक्टर म्हणाले तर आजार आपले दिवस घेईल आणि आपोआप उतरेल, औषधाचा मारा करायची गरज नाही असा अर्थ घ्यायचा, व्हायरलच्या वेळी हे लई ऐकायला मिळेल.

यातलं नाकाचं बघा, नाक गळतं म्हणजे पाणी वाहतं. हे वाहणं रनच्या अगदी मुळाशी आहे, ते शेवटच्या पत्रात घेते.

प्रश्न : मी औशाचा आहे, सध्या पुण्यात कंपनीत. बॉसनं मेलमधे लिहिलं ‘रन इट बाय मी बिफोर यू सेंड’. मला कळलं नाही, मी सरळ क्लायंटला फाईल पाठवून दिली आणि मग बोलणी खाल्ली. विचारायची पण लाज वाटली. असले ऑफिसमधले रन सांगाल का?
— एक वाचक, औसा

दादा, ‘रन इट बाय मी’ म्हणजे माझ्या कानावर घाल. मराठीत इतका नेमका जोड सापडणारे इंग्रजी वाक्प्रचार फार नाहीत, हा त्यातला एक. पाठवायच्या आधी एकदा माझ्या कानावर घाल, मी हो म्हणेन मग पाठव. त्याचाच भाऊ ‘रन थ्रू’, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजरेखालून घालणं, मीटिंगच्या आधी ‘क्विक रन थ्रू’ करू म्हणाले तर एकदा भरभर सगळं बघून घेऊ. ‘रन द नंबर्स’ म्हणजे आकडे मांडून हिशोब करून बघ. ‘रनिंग लेट’ म्हणजे उशीर होतोय, हे तर तुम्ही रिक्षात बसल्या बसल्या टाईप करू शकता, त्याच्यासाठी पळायची अट नाही. ‘रन इन्टू’ चे दोन आहेत, माणसाशी रन इन्टू झालं तर अचानक गाठ पडली आणि अडचणीशी झालं तर अडचण आडवी आली.

‘रन आऊट’ वर जरा थांबते कारण इथं भल्याभल्यांची गाडी अडते. क्रिकेटमुळं आपल्याला रन आऊट म्हणजे बाद. ऑफिसात ‘वी आर रनिंग आऊट ऑफ टाईम’ म्हणजे वेळ संपत आलाय, अजून संपला नाही, हात चालवा. ‘वी हॅव रन आऊट ऑफ टाईम’ म्हणजे संपलाच. आणि यातली खरी गंमत ही आहे की मराठीत वस्तू संपते, दूध संपलं, डिझेल संपलं, वेळ संपला. इंग्रजीत माणसाला कर्ता करता येतं, ‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क’, आणि वस्तूलाही करता येतं, ‘द मिल्क हॅज रन आऊट’. पण माणूस कर्ता असला की ‘ऑफ’ लागतंच. ते विसरून ‘वी हॅव रन आऊट मिल्क’ लिहिलं की चूक.

आणि विचारायची लाज अजिबात बाळगू नका. ‘जस्ट टू बी शुअर, डू यू वॉन्ट टू सी इट फर्स्ट?’ एवढं विचारलं असतं तर बोलणी वाचली असती, कोणताच बॉस याला रागावत नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांत ‘रनिंग फॉर प्रेसिडेंट’ वाचतो. आपल्याकडं माणूस निवडणुकीला उभा राहतो, तिकडं पळतो. असं का? आणि ‘रनिंग मेट’ म्हणजे कोण?
— निवृत्त तलाठी, अंबाजोगाई

अण्णा, तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे आणि त्यात अजून एक भर घाला, इंग्रजांच्या देशात पण उमेदवार उभाच राहतो! ब्रिटनमधे ‘स्टँड फॉर पार्लमेंट’ म्हणायची पद्धत आहे, अमेरिकेत ‘रन फॉर’. भाषा एक, पण एकीकडं उभा आणि एकीकडं पळता. आपल्या देशातले इंग्रजी पेपर बहुतेक वेळा ‘कंटेस्ट’ लिहून दोन्हींतून वाट काढतात. अमेरिकेत सगळी भाषाच घोड्यांच्या शर्यतीची आहे, निवडणुकीला ते ‘रेस’ म्हणतात, आणि ‘रनिंग मेट’ पण तिथूनच आलाय. शर्यतीतल्या मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून त्याच मालकाचा दुसरा घोडा बरोबर पळवायचे, तो रनिंग मेट. आता अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी जो असतो त्याला म्हणतात, २०२४ ला ट्रम्प यांच्याबरोबर व्हान्स होते तसं. शर्यतीत पहिल्या तिनात न आलेल्या घोड्यांची नावं पेपरात ‘ऑल्सो रॅन’ अशी खाली छापायचे, त्यावरून हरलेल्या, कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या उमेदवाराला ‘ॲन ऑल्सो-रॅन’ म्हणतात. आणि ‘रनऑफ’ म्हणजे पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याच्या वर मतं पडली नाहीत तर वरच्या दोघांत घेतलेली दुसरी फेरी, फ्रान्सच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत ती बघायला मिळते.

प्रश्न : ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे साधारण, सामान्य, हे पाठ आहे. पण मिलचा आणि सामान्य असण्याचा काय संबंध?
— आडत दुकानातला एक मुनीम, जालना मोंढा

हे तुमच्याइतकं पटकन दुसऱ्या कुणाला कळणार नाही. कापडाच्या मिलमधून माल निघाला की तो तपासून, निवडून, चांगला बाजूला, डागी बाजूला अशी प्रतवारी व्हायची. ती व्हायच्या आधी जसा निघाला तसा, बरावाईट एकत्र असलेला माल म्हणजे ‘रन ऑफ द मिल’. मोंढ्यात सोयाबीन येतं, चाळणी न मारता, माती काडीकचऱ्यासकट ढीग पडतो, त्याला तुम्ही काय म्हणता, सरसकट. बस, तोच शब्द. नांदेडच्या उस्मानशाही मिलमधे ज्यांचे आजोबा कामाला होते त्यांना तर हा वाक्प्रचार घरचाच वाटेल. फक्त एक, माणसाला ‘रन ऑफ द मिल’ म्हणणं म्हणजे त्याच्यात काही विशेष नाही असं म्हणणं आहे, तेव्हा कुणाच्या तोंडावर वापरू नका.

तुम्ही जालन्याचे म्हणून अजून एक. २ जानेवारी २०२१ ला कोरोनाच्या लसीची ‘ड्राय रन’ झाली तेव्हा राज्यातल्या निवडक जिल्ह्यांत पुणे, नागपूर, नंदुरबारबरोबर जालना होतं. लस न टोचता बाकी सगळं खऱ्यासारखं करून बघायचं, नोंदणी, रांग, खोल्या, अर्धा तास बसवणं. रंगीत तालीम हा आपला शब्द त्याला बरोबर बसतो, पण तेव्हापासून पेपरवाल्यांनी ड्राय रनच धरून ठेवलाय. मला रंगीत तालीम जास्त आवडतो, त्यात दिव्यांसकट, कपड्यांसकट सगळं आलं.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करायलोय, आम्ही ‘रनिंग मारायला जातो’ म्हणतो. इंग्रजीत काय म्हणायचं?
— एक उमेदवार, वसमत

‘आय गो रनिंग’ किंवा ‘आय गो फॉर अ रन’, दोन्ही बरोबर. तुमच्या १६०० मीटरसाठी ‘सिक्स्टीन हंड्रेड मीटर रन’. इथं रन म्हणजे खरोखर पळणंच, काही अडचण नाही. तब्येत सांभाळा, उन्हाळ्यात पहाटेच जा.

प्रश्न : मॅडम, नदी रन करते, नळ रन करतो, रंग पण रन होतात. पाण्याला पाय नाहीत मग पळण्याचा शब्द पाण्याला कसा गेला? आणि या एका शब्दाला अर्थ तरी किती असावेत?
— ग्रंथालयातला एक वाचक, लातूर

दुसऱ्याचं आधी सांगते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात १९८९ च्या आवृत्तीपर्यंत ‘सेट’ हा शब्द सगळ्यात जास्त अर्थांचा होता. मग नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ नव्यानं लिहायला घेतला तेव्हा त्याच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, आणि ते काम करायला एका संपादकाला नऊ महिने लागले. मशीन, रेल्वे, धंदा, कॉम्प्युटर जसजसे आले तसतसं जे काही सुरू राहतं त्याला रन लावत गेले, म्हणून हा फुगवटा.

आता पाण्याचं. तुम्ही म्हणता पळण्याचा शब्द पाण्याला गेला, पण रनच्या मुळाशी वाहणं आणि पळणं दोन्ही आहेत. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तिच्यात याच घरातला ‘रिनेन’ हा शब्द आजही वाहणे, झिरपणे याच अर्थी आहे. तेव्हा पाण्याला पाय कुठून आले हा प्रश्न राहतच नाही, नदी वाहते, नळ वाहतो, नाक वाहतं, रंग धुण्यात पाण्याबरोबर वाहून दुसऱ्या कपड्याला लागतो, हे सगळे ‘रन’ अगदी मूळ धरूनच आहेत. मराठीत मात्र आपण याला वेगवेगळं म्हणतो आणि ते फार नेमकं आहे, नदी वाहते, नळ चालू असतो, नाक गळतं, रंग जातो. एका शब्दात सगळं कोंबण्यापेक्षा मला हे जास्त श्रीमंत वाटतं, भाषांतर करताना हे चारही शब्द हाताशी ठेवा. ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ ला तर आपल्याकडं उलट्या बाजूनं म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. तिकडं खोल पाणी शांत आहे हे सांगितलं, इकडं उथळ पाणी बोलतं हे.

निवडणुकीच्या उत्तरात जो ‘रनऑफ’ आला तोच शब्द पाणलोटाच्या कामातही आहे. पाऊस पडला आणि जमिनीत न मुरता उतारावरून वाहून गेला ते पाणी रनऑफ. कृषी खात्याच्या इंग्रजी अहवालात हा सारखा दिसतो. आपण पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणतो ते रनऑफ कमी करण्यासाठीच.

आणि तुम्ही लातूरचे, त्यामुळं ‘रन ड्राय’ तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही. विहीर, नदी, धरण आटणं म्हणजे रन ड्राय. ‘रनिंग लो’ म्हणजे साठा कमी होत चाललाय, ‘रन आऊट’ म्हणजे संपला, ‘रन ड्राय’ म्हणजे तळ उघडा पडला, या तीन पायऱ्या एकामागं एक आहेत. २०१६ ला तुमच्या शहरानं तिन्ही बघितल्या, धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. पुढं डबे वाढून पन्नास झाले. त्या वेळी एका विद्यार्थ्याला मी भाषांतरासाठी एक इंग्रजी वाक्य दिलं होतं, ‘द डॅम हॅड रन ड्राय, सो अ ट्रेन रॅन फ्रॉम मिरज टू लातूर, अँड पीपल लेट द टॅप्स रन इन्टू एव्हरी पॉट दे ओन्ड.’ तीन ठिकाणी रन. त्यानं लिहून आणलं ते मी वहीत जपून ठेवलंय : ‘धरण आटलं होतं म्हणून मिरजेहून लातूरला गाडी सुटली, आणि लोकांनी घरातलं एकूण एक भांडं नळाखाली लावलं.’ पळणं कुठंच नाही, चालणंही नाही. त्याला मी दहापैकी दहा दिले होते.